खजिन्याचं दार

वीज आली. मेणबत्ती विझवली, आणि त्या वासाने कॅम्प पाच या आमच्या जुन्या वस्तीतली एक दुपार आठवली. पडदे ओढून, मेणबत्ती लावून आम्ही चौघे फासे टाकत, गोष्टीतली पात्रं होऊन खेळायच्या खेळात राजाचा खजिना लुटत होतो. दोन वर्षं जपलेलं माझं पात्र, एक चोर, वरून कोसळणारं लोखंडी दार खांद्यावर पेलून उभं होतं. मुकुट मिळताच सरदार संदीप आणि जादूगार लालू बाहेर पळाले.

"चोराला सोडवायला मागे कोण फिरतंय?" खेळ चालवणाऱ्या प्रशांतने विचारलं.

"अरे भाई, तू नया कॅरेक्टर बना ले ना!" लालू मला म्हणाला. संदीप वडापाव मागवत होता.

तेव्हा राग आला होता. आता किळस येते. पहारेकरी खोटे, तलवारी खोट्या, मरणही खोटं. शौर्य फुकट मिळत होतं, तरी त्यांनी ते घेतलं नाही.