मान डोलावणाऱ्यांचा वर्ग

लाँड्रीच्या माडीवर एक खोली आहे. खाली इस्त्र्या तापल्या की वरची फरशी कोमट होते. थंडीत बाईंच्या इंग्रजीच्या वर्गातली मंडळी पायमोजेसुद्धा काढून बसतात, ती त्यासाठीच.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या. उभी हयात एका मालवाहतूक कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर गेली आणि इंग्रजीही त्या तिथंच शिकल्या. सर्टनली सर, राइट अवे सर. नाही म्हणायची सोयच नसलेलं इंग्रजी. नोकरी संपल्यावर कामकरी माणसांसाठी त्यांनी हा संध्याकाळचा वर्ग काढला. शिकवायला काय घ्यावं? तर आपलं मत मांडायचं कसं, पटलं तर पटलं कसं म्हणायचं आणि नाही पटलं तर तोंडावर नाही कसं म्हणायचं.

पहिले दोन धडे सुरळीत गेले. गाडी अडली ती तिसऱ्यावर. शिक्षकाला नाही म्हणायचं, या कल्पनेनंच मंडळींना घाम फुटायचा. बाईंनी मग युक्ती काढली. रोज वर्गात आल्या आल्या एक अचाट विधान ठोकून द्यायचं. एकदा म्हणाल्या, सगळ्या लिफ्ट बंद करा, लोकांना जिने चढू द्या. पुढच्याच बाकावर लिफ्ट दुरुस्त करणारे काका बसले होते. त्यांनी नंदीबैलासारखी मान हलवली, "यस टीचर."

"अहो, तुमच्या पोटावर पाय आला की," बाई मराठीत कळवळल्या. "मान कसली डोलावताय?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे काहीतरी असेलच त्यात," काका म्हणाले.

शेवटी बाईंनी त्यांना एक रीत घालून दिली. आधी समोरच्याच्या बोलण्यातलं एक तरी खरं उचलायचं. मग दम घ्यायचा. मग 'बट' म्हणायचं. त्या 'बट'पाशी येऊन मंडळी ओढ्याच्या काठावर थबकलेल्या म्हशींसारखी उभी राहायची. पुढे पाऊल काही पडायचं नाही.

बाईंना हसू यायचं आणि लाजही वाटायची. कारण घरी त्यांचीही तीच गत होती. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, ताईनं, लोकांचे कपडे शिवून त्यांना वाढवलं. बाईंनी काय शिकायचं, केस किती कापायचे, सगळं ताईनं ठरवलं आणि बाईंनी हो म्हटलं. आता ताईनं नवं ठरवलं होतं. गुडघे बघ तुझे, जिना बघ तो. वर्ग बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. बाईंना वर्ग सोडायचा नव्हता, पण तोंडातून हो गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात उभ्या राहिल्या. मराठीत सांगितलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून त्यांनी इंग्रजीचा आधार घेतला. मला वाटतं, हा वर्ग आता बंद करावा. जिना चढवत नाही, माझं वयही झालं.

मग काका उठले. त्यांना वाटलं, हेच आजचं विधान.

तुमचे गुडघे जुने आहेत हे खरं, ते इंग्रजीत म्हणाले. दम घेतला. "बट आय अ‍ॅम लिफ्ट." खुर्चीत बसवून आम्ही दोघं-तिघं तुम्हाला उचलून वर आणू.

वर्ग हसला आणि बांध फुटला. इस्पितळातली आया उठली. तुमचं वय झालंय, मान्य. बट, वॉर्डात मी दिवसभर हो म्हणते. नाही म्हणायला एवढी एकच जागा आहे. ही बंद झाली तर नाही कुठं म्हणू? बेकरीतल्या भट्टीवाल्यानं आजवर वर्गात फक्त डुलक्या काढल्या होत्या. तोही उठला. आय डोन्ट अ‍ॅग्री, म्हणाला. इतकी छान झोप मला दुसरीकडे कुठंच लागत नाही.

बाई प्रत्येकाला उत्तर द्यायला गेल्या आणि प्रत्येक वेळी हरल्या. हा धडा नाही, खरंच सांगतेय, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. जाताना काका म्हणाले, "आजचं वाक्य झकास होतं हां बाई. कालचं ते 'चहा थंडच प्यावा' अगदीच फुसकं."

बाई तिथून तडक ताईकडे गेल्या. ताई दारातच म्हणाली, "सांगून आलीस ना?"

"ताई, गुडघे दुखतात हे तुझं खरं आहे," बाई म्हणाल्या. दम घेतला. हा दम वर्गात शिकवताना वाटायचा त्यापेक्षा फारच लांब निघाला. "पण मी वर्ग बंद करणार नाही. राहायलाही येणार नाही."

ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू शिवणयंत्रच उलटून बोललं.

"हे 'पण' कुठून शिकलीस गं?"

"मी शिकवते ते."

ताईनं पदरानं टेबल पुसलं, पुसलेलंच परत पुसलं. "मग संध्याकाळी मी एकटीनं भिंतीशी बोलू का?"

असं होतं तर. गुडघ्यांचं निमित्त होतं, खरी एकटी पडली होती ती ताईच. बाईंना आधी हे का सुचलं नाही कोण जाणे. हो म्हणून टाकलं की पुढचं ऐकायचं राहूनच जातं.

आता ताई रोज वर्गाला येते, बाईंचा दंड धरून जिना चढते आणि शेवटच्या बाकावर कोमट फरशीवर पाय पसरून बसते. नाही कसं म्हणायचं हे तिला शिकवावं लागलं नाही. ते ती जन्मतःच पाठ करून आली आहे. बाईंनी तिला दुसऱ्या धड्यापासून, पटलं कसं म्हणायचं तिथून, सुरुवात करायला लावली.

परवा काकांनी इंग्रजीत काहीतरी मत मांडलं. बाई ताईला म्हणाल्या, "म्हण, आय अ‍ॅग्री."

"थांब गं," ताई म्हणाली. "आधी तो काय म्हणतोय ते तर कळू दे."