भुऱ्याचा दात आणि ड्रेसरभाऊ

ड्रेसरभाऊ आधी कुत्र्याला भेटत, मग माणसाला. चामोर्शीच्या जनावरांच्या दवाखान्यात ते डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. रस्त्यात कोणी कुत्रा घेऊन दिसला की सायकल लावून उकिडवे बसत, अंगठ्याने त्याचा ओठ अलगद वर करत आणि दात पाहून झाल्यावरच मालकाशी बोलत. बैलाचे दात वय कळायला पाहतात, एवढं आमच्या गावाला ठाऊक. कुत्र्याचे दात पाहणाऱ्या या माणसाला लोक हसत. मीही हसत असे, आणि मी तर शाळेत मुलांना आरोग्याचा धडा शिकवत होतो.

आमच्या घरी भुऱ्या होता. माझ्या मुलीने, पिंकीने, पाळलेला. त्याला रेबीजची लस टोचायला नेलं, तेव्हा भाऊंनी त्याच्या मागच्या दाढांवरचा पिवळा थर मला दाखवला. बोटाला मऊ फडकं गुंडाळून रोज दात पुसायचे, आपली पेस्ट लावायची नाही, कुत्र्यांची वेगळी चंद्रपूरला मिळते, वर्षातून एकदा तोंड डॉक्टरांना दाखवायचं, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. वर म्हणाले, "मास्तर, पाय दुखला तं तो लंगडते, तुम्हाले दिसते. दात दुखला तं तो काहीच सांगत नाई. म्हणून आपणच पाहा लागते."

मी आठवडाभर पुसले. मग परीक्षा आल्या, आणि ते राहून गेलं. पुढे भाऊ भेटले की विचारत, "पाहता ना तोंड?" आणि मी हो म्हणत असे. दीड-दोन वर्षं मी हो म्हणत राहिलो.

नंतर भुऱ्याच्या तोंडाला घाण वास येऊ लागला. तो एकाच बाजूने चावायचा, भाकरीचा तुकडा तोंडातून पाडायचा. बायकोने दोनदा दवाखान्याचं नाव काढलं. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं मी तिला सांगितलं. त्याच्या डोळ्याखाली सूज आली, तेव्हा गांधीलमाशी चावली असेल म्हणून हळद लावली.

त्याला कुरवाळताना पिंकीचा हात त्याच सुजेवर पडला आणि भुऱ्याने तिच्या मनगटाचा चावा घेतला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. रुग्णालयात जखम धुऊन तिला इंजेक्शनं सुरू केली. गल्लीत तासाभरात बोभाटा झाला की मास्तरांचा कुत्रा पिसाळला. भाऊ दवाखाना सुटल्यावर घरी आले. भुऱ्या त्यांना तोंड उघडू देईना. त्यांनी सूज लांबूनच पाहिली आणि दाढ सडली असावी म्हणाले. लस झालेली आहे, तरी दहा दिवस बांधून लक्ष ठेवा, डॉक्टरसाहेब दौऱ्यावरून आले की मी स्वतः त्यांना घेऊन येतो, असं सांगून गेले.

मी चार दिवस धीर धरला. शेजारी येता-जाता बोलत होते, बायको मुलीला अंगणात सोडत नव्हती. पाचव्या दिवशी पिंकी शाळेत असताना ओळखीचा एक पिकअप अहेरीकडे निघाला होता. भुऱ्याला त्यात चढवलं, मीही बसलो आणि आष्टीच्या पुढे, जंगल दाट होतं तिथे, उतरवून दिलं. तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला. गाडीमागे धावलादेखील नाही. त्या भागात बिबट्या कुत्री उचलतो, हे मला माहीत होतं.

पिंकीला सांगितलं, साखळी तोडून पळाला. त्याच संध्याकाळी भाऊ डॉक्टरांना घेऊन आले, त्यांनाही तेच सांगितलं. भाऊंनी खुंट्याजवळची साखळी उचलून पाहिली. ती कुठेच तुटलेली नव्हती. डॉक्टर फाटकाकडे वळले, तेव्हा भाऊंनी हळू आवाजात विचारलं, "कोन्या बाजूनं गेला, मास्तर?"

मी डॉक्टर फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "अहेरीच्या."

त्यांनी मान हलवली आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून रजा टाकून ते त्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्या, वननाके, वाड्या विचारत फिरले. नवव्या दिवशी एका नाक्यामागे भुऱ्या सापडला. वनरक्षकाने टाकलेला भात तो नुसता चाटत होता. डॉक्टरांनी गुंगी देऊन दाढ काढली. मी गेलो तेव्हा ती ताटलीत होती, मुळापाशी सगळा पू. भुऱ्या पिसाळलेला नव्हता.

पिंकीने भाऊंना विचारलं, कुठे सापडला? ते म्हणाले, "रस्ता चुकला होता, बाई. दुखण्यात भान राह्यत नाई." तिच्यादेखत त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

भुऱ्याला घरी न्यायचं मी काढलं, तेव्हा मात्र त्यांनी मला बाहेर बोलावलं. "तुमच्या पोरीले रोज पाठवत जा. पण कुत्रा मी देत नाई." आवाज चढला नव्हता. मी एकटाच घरी परतलो.

चार वर्षं भुऱ्या त्यांच्याकडे राहिला. पिंकी शाळा सुटली की तिकडे जायची, बोटाला फडकं गुंडाळून त्याचे दात पुसायची. भाऊ तिला शिकवत. मला रस्त्यात पाहिलं की सायकलवरून मान हलवत, थांबत नसत. निवृत्तीनंतर ते बल्लारपूरला मुलाकडे गेले. सामानाचा टेम्पो निघताना मीही पोहोचलो. भुऱ्या पुढच्या सीटवर बसला होता. मी खिडकीतून हात पुढे केला, तर तो अंग चोरून भाऊंच्या मांडीत शिरला. भाऊंनी माझा हात हळूच बाजूला केला आणि पिंकीला म्हणाले, "चांगली शिक, बाई."

गेल्या वर्षी भाऊ वारल्याचं बल्लारपूरहून कळलं. भुऱ्या त्यांच्याआधीच गेला होता. पिंकी आता नागपूरला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते. सुट्टीत मैत्रिणी येतात, तेव्हा ती त्यांना सांगते, की दाढेच्या दुखण्याने आमचा कुत्रा रस्ता चुकला आणि ड्रेसरभाऊंनी त्याला जंगलातून शोधून आणलं. मी तिथेच बसलेलो असतो. ती मधेच माझ्याकडे वळून विचारते, "हो ना, बाबा?"

मी हो म्हणतो.