जांभळं धान

माझ्या थोरल्या भावाची सोयरीक मी रंगाच्या एका ट्यूबने मोडत आणली होती.

आमच्या लोकांत मुलगा नंतर पाहतात, आधी त्याचं शेत. शेत कुहीला, आम्ही नागपुरात. आणि मुलीचे वडील गुलाबराव संध्याकाळच्या एस.टी.ने परत जाणार. बाबांनी मला हुकूम सोडला, "चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन राहिला ना तू? मंग काढ आपलं वावर! रेडिओच्या वरती टांगू."

आता साधं हिरवं-पिवळं धान काय कुणीही काढतो! मी कुहीला जाऊन, बांधावर बसून मावळतीचा प्रकाश पकडला. धानावर जांभळी झाक, विहिरीवर गडद सावली, आणि सगळ्यावर पसरलेली खिन्नता. अप्रतिम! (हे मत माझंच.)

गुलाबराव आले. पोहे खाता खाता चित्रासमोर थबकले.

"हे धान जांभळं काहून झालं गा?"

भाऊ पांढरा पडला. बाबा घाईने म्हणाले, "नवीन बियाणं आहे!"

"मले तं रोग दिसते."

मी गप्प बसायला हवं होतं. पण कलेचा अपमान! पुढे सरसावून म्हणालो, "काका, ती संध्याकाळ आहे."

"आमच्याही गावात संध्याकाळ होते, बापू. धान नाही होत जांभळं! आन् हे विहीर काळी काहून? आटली का?"

"नाही, तिथे मी उदासी दाखवलीय."

"विहिरीत?" गुलाबरावांनी बशी खाली ठेवली. "कोणी जीव देल्ला का तिच्यात?"

"अजून तं नाही," आई दारातून कडाडली, "आज याले ढकलते!"

गुलाबरावांनी एस.टी. सोडली, आमच्याकडेच मुक्काम ठोकला आणि सकाळी बाबांना घेऊन कुही गाठली. धान सोन्यासारखं, विहीर तुडुंब! बांधावर उभं राहून ते म्हणाले, "वावर झकास. पोरगाही पसंत. दोष तुमच्या लहान्याच्या डोळ्यात आहे. मोठ्याले तं नाही ना तो रोग?"

भावाचं लग्न थाटात झालं. माझ्या डोळ्यांची कीर्ती मात्र तालुकाभर झाली! पुढे माझ्या लग्नाची वेळ आली, तेव्हा शेताचं कुणी नावही काढलं नाही. मुलीच्या वडिलांनी सरळ एक हिरवं लुगडं माझ्यापुढे धरलं.

"रंग सांगा."

आईने मागून चिमटा काढला.

मी लुगडं खिडकीशी नेलं, एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि म्हणालो, "तसं पाहिलं तर... ते उजेडावर अवलंबून आहे!"

ती मुलगी म्हणे दुसरीकडे अगदी सुखात आहे.