वीसची की चोवीसची

लेन्सबद्दल भैय्याजींइतकं जाणणारा माणूस रिसोडात दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका लेन्स न घेणाराही नव्हता. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. लग्नाची ऑर्डर असली की घरातल्या बायकांचे विधी मी काढायचे. मिररलेस कॅमेरा त्यांनी हौसेने घेतला. त्याला एक वाइड लेन्स घ्यायची तेवढी राहिली. ती राहिलीच.

माझी अडचण साधी होती. लग्न लॉनवर गेलं तरी आमच्याकडे पहिली हळद देवाच्या खोलीतच लागते. खोली एवढीशी, त्यात दिवाण, कपाट आणि बायकांची दाटी. भिंतीला पाठ टेकवून मी पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढायचे. लेन्सचा आकडा जितका लहान तितकी ती वाइड, आणि तितकं फोटोत जास्त मावतं. नवरी घेतली की आत्या कापली जायची, आत्या घेतली की मावशी. झूम लेन्समध्ये जास्त मावायचं, पण तिला तिथला अंधार झेपायचा नाही. अल्बम पाहून आत्याबाई झापायच्या मात्र मला.

"भैय्याजी, घेऊन टाका ना एकदाची."

"घ्याचीच हाय बेटा. पन वीसची का चोवीसची, थे तं ठरू दे."

ते ठरायचं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मोबाइलवर लेन्सचे व्हिडिओ लावून बसायचे. चोवीसची आमच्या खोल्यांना पुरणार नाही, हे त्यांनाही पटायचं. वीसची पुरली असती, पण तिच्यात त्यांना रुसलेले जावई दिसायचे.

"वाइडमंदी कोपऱ्यातला मानूस फाकते. आन् ग्रुप फोटोत कोपऱ्यात कोन येते? सगळ्याईच्या मांगून आलेला जावई. जाडा दिसला का रुसला!"

"मग जावयाला मधे उभं करू."

"मंग मामा रुसते."

तेवढ्यात एखादा व्हिडिओ नव्या लेन्सची बातमी द्यायचा आणि भैय्याजी खूश. "पाह्य, नवी येऊन राह्यली. कायले घाई करतं?" असा संताप यायचा! कुणाला दुखवायला नको म्हणून हा माणूस अर्ध्या गोताला फोटोबाहेर ठेवत होता, आणि त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं, कारण लगेच चहा सांगायचा.

मग त्यांच्या लेकीचं, पूजाचंच लग्न ठरलं. आता तरी घ्या, म्हणून मी अक्षरशः भांडले. "लग्नापरेंत ठरवतोच," म्हणाले. हळदीच्या दिवशी माझ्या हातात पन्नासचीच होती. लाइट धरायला ते स्वतः उभे. त्यांची हळद लावायची पाळी आली, तर चौकटीत पूजा आणि शेजारी बसलेली त्यांची आई, एवढंच मावत होतं.

"माईले घे. माहा नंतर काढ," म्हणाले आणि एका हातात लाइट तसाच धरून त्यांनी बाजूनेच लेकीच्या गालाला हळद लावली. नंतर काढायचं राहून गेलं. स्टेजवरचा ग्रुप फोटो तर त्यांनीच काढला.

गेल्या पावसाळ्यात भैय्याजी अचानक गेले. मला रडू आलं, आणि रडताना रागही आला. तो अजून गेलेला नाही.

काही दिवसांनी पूजाचा फोन आला. "ताई, बाबानं मले हळद लावली, थो फोटो धाडता का?"

"त्यात ते नाहीत गं. खोलीत मावलेच नाहीत. नुसता हात आलाय."



"हात तं मले आठवते, ताई. तवा मी डोये मिटले होते. मले बाबाचं तोंड पाहाचं होतं."