डब्यात गळलेली झुकिनी घेऊन धुळ्याला

त्या शनिवारी सकाळी आंघोळ करून मी नेहमीसारखा परसात गेलो, झुकिनीची उमललेली पाच पिवळी फुलं तोडली आणि देवाला वाहिली. लांब देठाची तेवढीच घेतली. ज्या फुलांखाली बोटाएवढं फळ दिसत होतं, त्यांना हात लावला नाही. मग झाडाखाली गळून पडलेली चार फळं स्टीलच्या डब्यात भरली आणि जळगावहून धुळ्याची एसटी पकडली.

परसबाग सुमनची, माझ्या बायकोची. शेणखत, कडुनिंबाची पेंड आणि ताक यांच्यापलीकडे तिने मातीला काही दिलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला खाली बसता येईना, तेव्हा बाग माझ्याकडे आली. दोन हिवाळे मी झुकिनी लावली. झाडं जोमदार, पानं सुपाएवढी, फुलं रोज. पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. दुकानदाराने फवारणी सुचवली. ती आमच्याकडे होत नाही. सुमन मागच्या दारात खुर्ची टाकून नुसती बघायची, आणि मला तेच जड जायचं. शेवटी मीच म्हटलं, माझ्या हाताला यश नाही, बाग काढून फरशी टाकू. फरशीवाला त्या शनिवारनंतर नऊ दिवसांनी, सोमवारी येणार होता. त्याआधी एकदा अक्काला विचारावं, म्हणून हा प्रवास.

अक्का म्हणजे माझी मावसबहीण, साठीच्या पुढची. धुळ्यापलीकडे साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यात घरापुरता भाजीपाला पिकवते.

एरंडोल, पारोळा करत गाडी दोन-अडीच तासांत धुळ्याला जाते. सकाळी निघालात तर ऊन पाठीमागून येतं, डोळ्यांना त्रास नाही. कापूस वेचून झाला होता, वावरात पऱ्हाट्या उभ्या होत्या, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. पारोळ्याला एक आजीबाई शेजारी बसल्या. मांडीवरचा डबा मी दोन्ही हातांनी धरलेला.

"काय शे डबामा? परसाद?"

"नाही आजी, आजारी फळं आहेत."

"मंग दवाखानामा चालनात का?"

"बहिणीकडे."

"बहीन डाक्टर शे?"

"भाजीपाल्याची," मी म्हटलं. त्यांनी डबा उघडायला लावला, आत पाहिलं आणि रोग्याला पाहून करतात तसं च्-च् केलं.

धुळ्याच्या स्थानकाबाहेर खेड्यांकडे जाणारी काळीपिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेवढ्या वेळात शेवभाजी खाऊन घ्यावी. तिखट कमी सांगा, फरक पडत नाही. खेड्यापर्यंतचं भाडं अगदी किरकोळ.

अक्का ओट्यावर वाल सोलत होती. तिचे यजमान, नाना, चहा पीत होते. मी डबा पुढे ठेवला. तिने एक फळ दाबलं, मोडलं, हुंगलं.

"माती बरी शे. बियानं बी बरं शे. हाई तं डांगरनीच जात. फुलं कोन तोडस?"

"मीच. रोज सकाळी, देवाला."

"कोनता?"

"लांब देठाची. खाली फळ असतं ती नाही तोडत. जीव धरलेलं फूल कसं तोडायचं?"

नानांना ठसका लागला. अक्का मात्र हसली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, रोज सकायमा तू नवरदेव उचली लई जास. नवरी मांडोमा बशेल. मंग लगीन कोनासंगे लागी?"

"आन समदा नवरदेव देवघरमा वाळी जातस," नाना म्हणाले.

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो, आता शाळेतच लिपिक आहे. नर फूल आणि मादी फूल पुस्तकात वाचलेलं. पण पूजेच्या तबकाकडे पाहताना ते कधी आठवलं नाही. लांब देठाचं ते नर. त्याचा पराग मिळाला नाही, तर मादीखालचं फळ गळणारच. दोन हिवाळे मी श्रद्धेने बाग उपाशी ठेवत होतो.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते हलकं. माती नासलेली नव्हती, देव रागावला नव्हता, हाताला यश होतं. त्या संध्याकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत मी दोन घास जास्तच खाल्लं.

रविवारी उजाडताच अक्काने मला डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलाजवळ नेलं. एक नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हळूच फिरवला. "मधमाशी नही उनी तं आपून करानं," म्हणाली.

"मग देवाला काय वाहू? घरच्या फुलाशिवाय पूजा नको, असं वडील सांगून गेलेत."

"पानी दे. तुळशीनं पान दे. देव का फुलं मोजस?"

परतताना धुळ्यात पांझरेकाठच्या एकवीरा देवीला गेलो. दारात झेंडूच्या माळा होत्या. घेतली नाही. रिकाम्या हातांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उभा राहिलो, आणि देवीसमोर अवघडल्यासारखं झालं नाही. तेवढ्याचसाठी तरी हा प्रवास झाला, असं आता वाटतं.

सोमवारी सकाळी एक नर फूल घेऊन तीन मादी फुलांवर फिरवलं, बाकीची तशीच ठेवली. सुमनने देवघरात डोकावून विचारलं, "आज फुलं नाहीत?"

"आहेत. झाडावर."

तिने खुर्ची झाडाच्या जरा जवळ ओढली. बुधवारी तीच म्हणाली, "एक फळ अजून हिरवं आहे." शुक्रवारी ते वीतभर झालं. रविवारी तिने बसल्या जागेवरून हात लांबवून ते कापलं, धुतलं आणि आधी देवापुढे ठेवलं. त्याची भाजी दोघांना पुरून उरली.

जेवण झाल्यावर मी फरशीवाल्याला फोन लावला.

"उद्या नवाला माणसं पाठवतो," तो म्हणाला.

"पाठवू नका," मी म्हटलं. "तिथे बाग आहे."