तीन नंबरच्या वाड्यातले राजहंस

आमच्या फार्मवर अंडी कमी आणि किस्से जास्त! राजहंस वर्षातून थोडेच दिवस अंडी घालतात, किस्से मात्र बारा महिने चालू.

फार्म नावड्याजवळ, हनीफचाचांचा. आमच्या खाद्याच्या कंपनीचं ऑफिस वाशीला. शिल्पा मॅडम प्रोबेशनवर, त्यांची ही पहिलीच ट्रायल, आणि मी त्यांचा असिस्टंट. तीन वाडे, तिन्हींत सारखीच पिल्लं. पहिल्याच्या खाद्यात प्रोटीन भरपूर, दुसऱ्याच्या मध्यम, तिसऱ्याच्या कमी. कोण कसं वाढतं ते बघायचं. एवढं साधं काम!

*

राजहंस म्हटल्यावर मॅडमच्या जुईनगरच्या सोसायटीतल्या काकू हौसेनं बघायला आल्या. "दूध-पाणी खरंच वेगळं करतात का हो?"

तेवढ्यात सगळी पलटण चिखलाच्या पायांनी नुकत्याच भरलेल्या टाकीत उतरली. चाचा म्हणाले, "दूध ऱ्हाऊ द्या ताई, आधी यांनी चिखल आनि पानी वेगलं ठेवावं!"

*

वजनाच्या दिवशी एकही पक्षी काट्यावर थांबेना. मॅडमनी युक्ती काढली. पक्ष्याला काखेत घेऊन स्वतःच काट्यावर चढायचं आणि नंतर आपलं एकटीचं वजन वजा करायचं. ते एकटीचं वजन मला मोठ्यानं वाचावं लागलं.

चाचा आभाळाकडे बघत म्हणाले, "आमी फक्त पक्ष्याचं ऐकलं हां मॅडम!"

*

आणि बघतो तर काय, तिसरा वाडा सगळ्यांत जाड! वाशीहून साहेबांचा फोन आला, "कमी प्रोटीनवर एवढी वाढ? मग आपलं खाद्य कोण घेणार?" मॅडमचं जेवणावरून मन उडालं.

एका दुपारी आम्ही न कळवता फार्मवर गेलो. चाचांची बायको, आमच्या चाची, तिसऱ्या वाड्यात बसून पिल्लांना भातात सुका जवळा कालवून भरवत होत्या.

"चाची, हे काय?" मॅडम रडायच्या बेतात.

"तिघांना जेवायला बसवायचं आनि एकाच्या ताटात कमी? माझ्या दारात असं होत नाय!"

ट्रायल बाद. मॅडमनी साहेबांपुढे हात जोडले, तेव्हा कुठे एक शेवटची संधी मिळाली. पुन्हा नवी पिल्लं आणली. चाचींनी शब्द दिला आणि पाळलाही. पण तिसऱ्या वाड्यावरून जाताना त्या तोंड फिरवायच्या. मला फार वाईट वाटायचं.

*

शेवटचं वजन झालं. पहिला आणि दुसरा वाडा बरोबरीत, तिसरा मागे. आता आपलं खाद्य खपणार म्हणून साहेब खूश, मॅडमची नोकरी पक्की! चाचींनी आम्हाला जेवायलाच बसवलं.

माझ्या ताटात सुरमईचे दोन तुकडे. चाचांच्या ताटात एक. मॅडमच्या ताटात नुसता भात आणि रस्सा.

"चाची, मासा संपला का?"

"भरपूर हाय की. पन तुमी तीन नंबर."

चाचांचा घास हातातच राहिला. मॅडमनी ताटाकडे बघितलं, मग खिडकीतून वाड्याकडे. आणि उठल्याच.

"चाची, जवळ्याचा डबा कुठंय?"