काचेतलं लाटणं

परिणाम! हा शब्द कानावर आला तरी आताशा माझं डोकं सणकतं. मी डोंबिवलीतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाचनालयामागच्या खोलीतली जुनी नियतकालिकं हलवून तिथं मेकरस्पेस, म्हणजे पोरांना हातानं वस्तू बनवायला जागा, करायचा म्हणून मी सगळ्यांशी भांडले. थ्रीडी प्रिंटर, ड्रिल, कानशी, करवती. पुस्तकांच्या घरात ठोकाठोक कशाला, म्हणून कित्येकांनी नाकं मुरडली. मुरडू देत! पोरं घरचे बिघडलेले मिक्सर आणायची, खोलून बसायची. कधी दुरुस्त व्हायचे, कधी पार वाट लागायची, आणि खोली सदा पसरलेली असायची.

त्यात मानपाड्याहून येणारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिची आई पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. पडल्याचं निमित्त झालं नि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. लाटणंच धरता येईना. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, थोडे दिवस वाट बघते, मग दुसरी बघावी लागेल.

"मॅडम, आईला दाबता येतं, फक्त धरता येत नाही," पोरगी मला म्हणाली. मग तिनं लाटण्याच्या दोन्ही टोकांना रुंद मुठी बसवल्या. नुसता तळवा टेकवायचा, आत लाटणं आपोआप फिरणार. पहिल्या मुठीत पीठ जाऊन ती अडकली. दुसरी आईला टोचली. तिसरी मात्र जमली. आईनं घरी चार पोळ्या लाटल्या म्हणून पोरगी नाचत आली. तेवढ्या कडा घासायच्या होत्या, म्हणून लाटणं परत घेऊन आली होती.

आणि नेमकी तेव्हाच तपासणी समिती येणार म्हणून कळलं. मेकरस्पेसचा समाजावर काय परिणाम झाला ते सविस्तर लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी लिहिलं की! त्या लाटण्याबद्दल भरभरून लिहिलं. मिक्सरबद्दल काय लिहिणार? प्राचार्य सरांनी वाचलं नि खूश झाले. "मॅडम, हे तर काचेच्या कपाटातच ठेवू."

झालं. खोली धुऊन पुसून लख्ख केली, अर्धवट कामं भंगारात गेली, पोरांना आत यायला बंदी. दाराशी रांगोळी. लाटणं मखमलीवर, शेजारी पाटी. समितीतल्या एका बाईंनी ते बघून माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं. कॉलेजला वरची ग्रेड मिळाली.

दुसऱ्या दिवशी पोरगी दारात हजर. "आता नेऊ ना मॅडम?"

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "अहो, अजून एक टीम येणार आहे. ते मागतील तेव्हा काय दाखवू?" कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलात. नवं करावं, तर खोलीलाच कुलूप. चांगली ग्रेड मिळालीय, आता काही मोडायला नको म्हणे. कपाळ माझं! वापरायची म्हणून मागितलेली खोली वापरली जाऊ नये म्हणून बंद. पोरगी रोज यायची, मी रोज म्हणायचे, थांब गं, होईल. मग ती यायची बंद झाली. मला वाटलं, परीक्षा असेल.

दुसरी टीम येऊन गेली, तिनंही कौतुक केलं. तरी किल्ली मिळेना. तेव्हा मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन एवढ्या मोठ्यानं बोलले की बाहेरचे क्लार्क उठून उभे राहिले. किल्ली मिळाली. लाटणं पिशवीत घातलं नि ठाण्याला घरी न जाता सरळ त्या पोळी-भाजी केंद्रात गेले.

आत तव्यांच्या धगीत पोरगी बसली होती. पोळ्या लाटत होती.

"अगं, तू? कॉलेज?"

"पुढच्या वर्षी बघू मॅडम. आईची जागा जाईल म्हणून मी आलेली, थोडे दिवसच. आता मालकीण म्हणते, तूच ये, तुझं भराभर होतं."

"आईला आण ना. हे आणलंय बघ."

तिनं पिठाचे हात ओढणीला पुसले, लाटणं घेतलं, मूठ फिरवून बघितली. "अजून मस्त फिरतंय," म्हणाली आणि हसली. "पण आईला आता कोण ठेवणार? आणि माझे हात तर धड आहेत, मॅडम."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तिनं लाटणं माझ्या पिशवीत परत ठेवलं, आपलं साधं लाटणं उचललं नि पुढचा उंडा घेतला. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं.